आत्याचा मोजा

जुन्या उघड्या शेकोटीत बसवायची काचेच्या दाराची लोखंडी भट्टी येरिनानंच निवडली होती. खोली मोजून, दुकानदाराशी हुज्जत घालून, लहान पण पुरेशी. त्यामुळे पहिल्याच दिवशी घरभर धूर झाला तेव्हा सगळं तिच्यावरच शेकलं.

"खेळणं आणलंस गं!" बाबा खोकत ओरडले. "सोमवारी परत करतो आणि शेजारच्या मिलुतिनकडे आहे तशी दांडगी आणतो."

"मी आधीच म्हणत होते," स्तामेना आत्यानं गळ्याचा लोकरी रुमाल आवळला. "पोरीच्या अकलेनं झ्लातिबोरच्या डोंगरावरची थंडी पळते होय?"

येरिनाच्या डोक्यात तिडीक गेली. लाकडं दोन वर्षं वाळलेली, धुराड्यात नवी पोलादी नळी, मग चुकलं कुठं? तिनं गुडघ्यांवर बसून भट्टीजवळची, बाहेरची हवा आत घेणारी जाळी चाचपली. आत जाडजूड मोजा कोंबलेला होता.

"आत्या! हा तुझा ना?"

"मग? तिथून वारा येतो. माझी मान आखडली म्हणजे?"

"तो वारा तुझ्यासाठी नाही, आगीसाठी आहे! सगळे गुदमरून मेलो असतो आणि तुझी मान तेवढी शाबूत राहिली असती!"

मोजा निघाला आणि बघता बघता ज्वाळा सरळ उभी राहिली. बाबांनी धूर जायला खिडकी उघडली.

"आता खिडकीपण?" आत्या किंचाळली.

येरिनानं मोजा भट्टीत फेकला आणि दार धाडकन लावलं.

"दुसरा कुठंय? तोही आण."