केस उडवणारा पंखा

मित्रांनो, मी एक जुना पंखा आहे. तुमच्या छताला लटकतो तसला नव्हे. माझी पाती पुरुषभर लांबीची आहेत, मला चार चाकं आहेत आणि पुढे लोखंडी जाळी आहे. माझं सारं आयुष्य दुःखी गाणाऱ्यांचे केस उडवण्यात गेलं.

जन्म माझा इंग्लंडातल्या केंट परगण्यातला. बिअरसाठी लागणारी फुलं वाळवायला मला बनवलं होतं. सरळ, उपयोगी काम होतं. पण एका लिलावात लंडनच्या एका स्टुडिओने मला उचललं आणि मी कलेच्या क्षेत्रात आलो. अनेकांचं असंच होतं.

तो ऐंशीच्या दशकाचा काळ. प्रत्येक गाण्याबरोबर टीव्हीवर दाखवायला एक चित्रफीत लागे आणि गाणं संथ, विरहाचं असेल तर तिचे नियम ठरलेले असत. दुःख झालं की खिडकीशी उभं राहायचं आणि काचेवर बाहेरून पाणी सोडायचं. पांढरा पियानो हवा, मात्र तो कोणी वाजवायचा नाही. प्रियकर रेल्वे स्टेशनावर पाठमोरा जाणार. पांढरे पडदे फडफडणार, आणि घराची दारंखिडक्या बंद असली तरी वारा येणार. तो वारा म्हणजे मी. हे नियम कुठे लिहिलेले नव्हते, पण सगळ्यांना पाढ्यांसारखे पाठ होते.

माझी देखभाल पॉमफ्रेट नावाचा वायरमन करायचा. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. रोज सकाळी तो माझ्या बेअरिंगमध्ये तेल घाली आणि म्हणे, "चल म्हाताऱ्या, आज पुन्हा कोणाचं तरी काळीज फाटायचंय."

माझी एक अडचण मात्र सांगायला हवी. चालू असताना मला माझ्या स्वतःच्या घरघरीशिवाय काही ऐकू येत नाही. या बाबतीत मी पुष्कळशा दिग्दर्शकांसारखा आहे. शेकडो गाण्यांना मी वारा घातला, पण एकही धड ऐकलं नाही.

एके दिवशी ग्लेनिस हार्कर आली. ग्रिम्सबी या मासळीच्या गावची, चाळिशीला टेकलेली गायिका. तिची दोन गाणी पडली होती. हे तिसरंही चाललं नाही तर रेकॉर्ड कंपनी तिला नारळ देणार होती. गाणं तिने स्वतः लिहिलं होतं, तिच्या आईवर. आई मासळीच्या गोदामात राबली आणि आदल्या वर्षी वारली. ग्लेनिसला चित्रफितीत एवढंच हवं होतं की आपण स्टुलावर बसावं आणि गाणं म्हणावं.

दिग्दर्शकाचं नाव टोबी. तो म्हणाला, "सुंदर कल्पना आहे, डार्लिंग," आणि साठ मेणबत्त्या मागवल्या.

मी सुरू झालो आणि साठच्या साठ विझल्या. टोबीने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू फुंकर मी मुद्दाम मारली. मग मेणबत्त्यांपुढे काचा लावल्या. पुढे पांढरं कबुतर सोडलं. ते बिचारं जीव तोडून पुढे उडत होतं आणि मागे सरकत होतं. त्याच्याइतकं माझं दुःख कोणाला कळलं नसेल.

आणखी एक रीत होती. केस ढगासारखे तरंगायला हवेत, म्हणून चित्र संथ करायचं. पण मग ओठही संथ हलणार! त्यावर उपाय असा, की स्टुडिओत गाणं दुप्पट वेगाने वाजवायचं आणि गाणारीने तितक्याच घाईने ओठ हलवायचे. नंतर चित्र संथ केलं की ओठ बरोबर जुळतात. मला बंद ठेवून तालीम केली तेव्हा ते गाणं मी ऐकलं. उंदरांची वरात निघाल्यासारखं वाजत होतं.

ग्लेनिस म्हणाली, "माझ्या आईचं गाणं आहे हो हे. असं वाटतंय, तिला बस पकडायचीय."

"पडद्यावर बघ, रडशील," टोबी म्हणाला. "चला, वारा!"

मी सुरू झालो. ती टोबीजवळ जाऊन काहीतरी सांगत होती, हातातला शब्दांचा कागद दाखवत होती. टोबीने अंगठा वर केला. ती परत बोलली. त्याने दोन्ही अंगठे वर केले.

पाचव्या खेपेला तिचे ओठ थांबले. ती नुसती उभी राहिली, केस उडत होते. पॉमफ्रेटने ते पाहिलं आणि माझं बटण बंद केलं.

"आता काय?" टोबी ओरडला.

"बेअरिंग गेलं, साहेब. वीस मिनिटं लागतील." माझं बेअरिंग ठणठणीत होतं. "चहा आत्ताच घ्या. नाहीतरी साडेतीनला आमची मंडळी उठणारच."

चहाच्या सुट्टीशी तिकडे कोणी वाद घालत नाही. सगळे कप घेऊन बसले. पॉमफ्रेट माझ्यापाशी पाना घेऊन खोटंखोटं खटपट करत होता. मान वर न करता तो म्हणाला, "म्हण ना पोरी. हा बंद आहे तोवर म्हण."

आणि ती स्टुलावर बसून गायली. बाजा नाही, वारा नाही. सोमवारी धुणं धुणारी आई, दोरीवर टाकलेल्या चादरी, थंडीने लाल झालेले हात. चमचे ढवळायचे थांबले. माझ्या आयुष्यात मी धड ऐकलेलं ते पहिलं गाणं.

पहिलं कडवं संपलं आणि टोबीने टाळ्या वाजवल्या. "अप्रतिम! अगदी हेच हवंय. फक्त केस उडताना."

"अजून एक कडवं आहे, टोबी. त्यात..."

"त्यात कबुतर आहे, मला पाठ आहे. बेअरिंग झालं का?"

पॉमफ्रेटने पाना खाली ठेवला. "झालं," तो म्हणाला.

गाणं खपाच्या यादीत एक्केचाळिसाव्या क्रमांकावर गेलं आणि तिथूनच परतलं. ग्लेनिसला प्रेक्षकांची पुष्कळ पत्रं आली. ती कोणता शाम्पू वापरते, असं बहुतेकांनी विचारलं होतं. कंपनीने तिला सोडलं.

मित्रांनो, पुढे माझेही दिवस फिरले. पॉमफ्रेट निवृत्त झाला आणि तेल बंद झालं. मी एका गोदामात पडून राहिलो. अलीकडे मला भाड्याने नेतात, पण हसण्यासाठी. एखादा विनोदी नट विग घालून माझ्यापुढे उभा राहतो आणि लोक पोट धरून हसतात. मी तेव्हाही मन लावूनच वारा घालायचो, आताही घालतो. फरक मला नीटसा कळत नाही.

गेल्या वर्षी जुन्या गाण्यांची गंमत करणाऱ्या एका कार्यक्रमाने मला नेलं. माझ्यापुढे आणून उभी केली ती ग्लेनिस. केस पांढरे, आखूड. तिने माझ्या जाळीवर थाप मारली. "तू पण आहेस होय अजून?"

बेथन नावाच्या तरुण दिग्दर्शिकेने बटण दाबलं. मी दोन गिरक्या घेतल्या, कर्रर्र केलं आणि थांबलो. या वेळी बेअरिंग खरंच गेलं होतं.

"सॉरी हं आजी... म्हणजे, मॅडम."

"आजीच म्हण. गुडघे कुठे खोटं बोलतात? चहा मागव."

चहा आला. बेथनने सहज विचारलं, "गाणं कशावर होतं हो? चित्रफितीवरून काही कळत नाही."

ग्लेनिसने कप खाली ठेवला आणि दुसरं कडवं म्हटलं. आवाज चिरकला होता, पण शब्द स्पष्ट होते. आई गेली त्या सोमवारी ग्रिम्सबीत वारा नव्हता. समुद्राकाठच्या त्या गावात असा दिवस वर्षातून एखादाच. दोरीवर तिच्या चादरी सरळ लोंबत होत्या. एक काठसुद्धा हलला नाही.

मग बेथन म्हणाली, "अहो, पण मग पंखा कशाला लावला होता?"

"मी सांगत होते ना," ग्लेनिस म्हणाली. "पण पंखा चालू होता."

तर मित्रांनो, तुमच्या घरी जुनं यंत्र असेल तर त्याला वेळेवर तेल घाला. आणि कोणी काही सांगायला तुमच्यापुढे आलं, तर माझ्यासारख्याला आधी बंद करा. मला वाईट वाटणार नाही. मी फार दमलो आहे.