दात लागलेली पट्टी

शिवणखात्यात बायका बत्तीस आणि बाथरूमला जायची लाकडी पट्टी एकच. खिळ्यावरून ती घ्यायची, जाऊन यायचं, परत अडकवायची. पट्टी जागेवर नसली की दात आवळून मशीनवर बसायचं. ही शिस्त नव्या सुपरवायझरची. ऊठसूट शिट्टी फुंकतो म्हणून बायका त्याला शिट्टीसाहेब म्हणत.

आज खिळा रिकामा होता.

"पट्टी मिळेपर्यंत एकीनेही उठायचं नाही!" शिट्टीसाहेब ओरडला.

"पळून गेली असेल साहेब," मागून कुणीतरी म्हणालं. "तिचाही जीव उबगला असेल इथे."

खसखस पिकली. खिसे लावणारी मात्र हसली नाही. रुमालासाठी तिने पिशवीत हात घातला होता आणि बोटांना ते गुळगुळीत लाकूड लागलं होतं.

काल सुटायच्या आधी छाती भरून आली, म्हणून ती दूध पिळायला गेली होती. तेवढ्यात शिट्टी झाली. घाईघाईत पट्टी एप्रनच्या खिशात राहिली आणि एप्रन धुवायला घरी गेला. संध्याकाळी लेक कसलंतरी लाकूड चघळत पडली होती. रडत नाहीये ना, मग भाकरी थापता थापता हिने नीट पाहिलंही नव्हतं. सासूबाईंनी, "तुझं कामाचं काहीतरी दिसतंय गं," म्हणत ते पिशवीत टाकलं असणार.

बाळंतपणाच्या रजेवरून येऊन तिला तीनच आठवडे झाले होते. दोनदा उशीर झाला, तेव्हा शिट्टीसाहेबाने सगळ्यांदेखत बजावलं होतं, "आणखी एक चूक, की घरी बसून पोर सांभाळ."

गुपचूप अडकवावी? खिळा तर त्याच्या टेबलामागेच.

शेजारची कॉलरवाली मावशी एव्हाना चुळबुळायला लागली होती. मावशीला शुगर. तिसऱ्यांदा तिने हात वर केला.

"साहेब, जाऊ द्या हो. म्हातारीची काय परीक्षा घेता?"

"पट्टी आणा आणि जा."

मावशीच्या कपाळावर घाम आला. तिने मांड्या आवळल्या, डोळे मिटून घेतले. खिसेवालीला ते बघवेना. ती पिशवी घेऊन उठली.

"माझ्याकडे राहिली होती, साहेब." तिने पट्टी टेबलावर ठेवली. "चुकून घरी गेली."

त्याने ती उलटीपालटी केली. "हे काय? उंदराने कुरतडली?"

"लेकीला दात येतायत."

हसू फुटलं आणि तिथेच विरलं. शिट्टीसाहेबाने पट्टी मुठीत घट्ट धरली. "सुटल्यावर ऑफिसात ये."

"मिळाली ना एकदाची?" म्हणत मावशी उठली आणि पट्टीकडे न बघताच तरातरा निघाली. पाठोपाठ बाहीवाली उठली, मग इस्त्रीवाली. शिट्टीसाहेबाने शिट्टी ओठांना लावली, पण या बायकांना थांबवायचं तर दारात आडवं पडावं लागलं असतं. दारात आडवा पडायचा काही त्याला धीर झाला नाही.

खिसेवाली जागेवर येऊन बसली. सुटायला अजून सहा तास होते. पहिला खिसा वाकडा बसला. मावशी परत आली आणि जाता जाता तिच्या पाठीवर ओला तळवा टेकवून गेली.

तिने खिसा उसवला. नोकरी राहील की जाईल कोण जाणे. संध्याकाळी लेक मात्र चावायला तेच लाकूड शोधेल, असं मनात आलं आणि तिने सुई पुन्हा खाली घेतली.