महाराणींची लहर

"ताई, ही गाडी बिघडते असं कोण म्हणालं तुम्हाला?" मेकॅनिकने बॉनेटखालून डोकं बाहेर काढत विचारलं.

"कोण म्हणजे? अख्खी गल्ली म्हणते. एकोणीस वर्षं म्हणतेय."

"मग अख्खी गल्ली चुकतेय." त्याने खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. "ऐका. माझा गुडघासुद्धा एवढा बिनतक्रार चालत नाही."

जुन्या गाडीची किंमत ठरवायला शोरूमने त्याला पाठवलं होतं. महिन्यापूर्वी बाबा निवृत्त झाले होते. शनिवारी त्यांची नवी गाडी येणार होती आणि तिच्या बदल्यात ही जुनी जाणार होती. आरेखक म्हणून बाबांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या इमारतींचे नकाशे काढले. स्वतःसाठी एकच चित्र ठेवलं होतं. कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं, गडद निळ्या लांबलचक गाडीचं.

मेकॅनिकने किल्ली बंद केली आणि एक जाड काळी वायर उपसून माझ्यासमोर धरली. "कॉइलची वायर. हिच्यातून करंट पुढे जातो. टोक बघा."

पितळी टोक झिजून गुळगुळीत झालं होतं.

"ही वायर गाडीच्या जन्मात चार-पाच वेळा काढतात. ही शेकडो वेळा काढली-घातलीय. आणि बॅटरीच्या मागच्या खाचेत हे सापडलं." त्याने तळहात उघडला. करड्या रबराच्या तीन छोट्या चकत्या होत्या. "वायर जिथे बसते त्या टोपीत ही चकती घालून वायर परत बसवायची. वरून सगळं ठाकठीक. पण गाडी ढिम्म हलणार नाही. घरचाच चोर दिसतोय, ताई."

त्या चकत्या मी लगेच ओळखल्या. इंजेक्शनच्या बाटल्यांवरची रबरी बुचं कापून केलेल्या होत्या त्या. तसली बुचं सोंगट्या म्हणून घेऊन मी आणि दादा लहानपणी खेळायचो. आई हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. बुचं तीच आणायची.

गाडीला आम्ही महाराणी म्हणायचो. बाबांनी ती जुनीच विकत घेतली होती, सुट्टीच्या दिवशी सगळ्यांनी मिळून फिरायला. अधूनमधून ऐन निघायच्या वेळी रुसायची. चार शेजारी ढकलायला यायचे. खालचा शिंपी गळ्यात टेप घेऊनच बाहेर पडायचा आणि विचारायचा, "काय साहेब, महाराणींची लहर फिरली वाटतं?" बाबा बॉनेट उघडून आत बघायचे, एक्स-रे न कळणारा माणूस एक्स-रे उजेडात धरून मान हलवतो तसे. मग आम्ही बसने जायचो. संध्याकाळी मात्र महाराणी एका हाकेत सुरू व्हायची.

मी तेव्हाच विचार करायला हवा होता. खराब गाडी दारात अडते, तशी रस्त्यातही अडते. ही रस्त्यात एकदाही अडली नाही. मी काम करते त्या प्रयोगशाळेत एखादं यंत्र असं ठरावीक वेळीच बिघडलं, तर मी यंत्राकडे नंतर बघते. आधी बघते, त्याला हात कोण लावतं.

आई स्वयंपाकघरात खाली बसून ड्यूटीच्या पांढऱ्या बुटांना पॉलिश करत होती. मी चकत्या तिच्यासमोर ठेवल्या. तिने ब्रश न थांबवता त्यांच्याकडे पाहिलं.

"सापडल्या होय. मला वाटलं, रस्त्यात कुठे पडून गेल्या असतील."

"आई, तू? इतकी वर्षं?"

"हळू बोल. बाहेर बसलेत."

"पण का?"

तिने बूट खाली ठेवला. "बाबांचा रेडिओ अडकायचा, आठवतं?"

आठवत होतंच. बाबा बोलता बोलता मध्येच थांबायचे, नजर कुठेतरी लावून, ओठ किंचित हलवत. मग जिथे थांबले त्याच शब्दापासून पुढे बोलायचे. दादा त्यांच्या कानाजवळ हवेतच बटण फिरवायचा आणि आम्ही पोट धरून हसायचो. बाबाही हसायचे, कशाला ते न कळता. बाबांची तंद्री. घरोघरी असते तशी.

"ती तंद्री नाही," आई म्हणाली. "फिट आहे. हातपाय झाडणारी नव्हे, आतल्या आत येणारी. माणूस समोर असतो, पण नसतो. आणि परत आल्यावर त्याला ठाऊकही नसतं की आपण गेलो होतो."

"डॉक्टर?"

"नेलं होतं, तू पहिलीत असताना. नेमकं तिथे काही झालं नाही, तपासणीतही काही निघालं नाही. बाहेर आल्यावर म्हणाले, हॉस्पिटलात राहून राहून तुला सगळीकडे पेशंटच दिसायला लागलेत. पुन्हा विषय काढला तर दोन दिवस जेवले नाहीत." तिने चकत्या मुठीत घेतल्या. "सकाळी दाढी करताना वस्तरा गालावर थांबला, की त्या दिवशी आणखी येणार, हे मी बघून ठेवलं होतं. त्या दिवशी मी केर टाकायला म्हणून खाली जायचे. गाडी बिघडलेली चालते गं माणसाला. स्वतः बिघडलेला चालत नाही."

"आणि बाकीच्या दिवशी?" माझा आवाज चढला. "आम्ही मागे बसलेलो असायचो, आई!"

"बाकीच्या दिवशी मी बडबड करायचे."

हे मला आणखी जोरात लागलं. गाडीत आई एक मिनिट गप्प बसायची नाही. अहो, ही कसली इमारत? अहो, तो कुत्रा बघितलात का? अहो, किती वाजले? मी आणि दादा तिच्या नकला करायचो. तिचा एक हात कायम हँडब्रेकवर असायचा. बाबा म्हणायचे, "अगं, लगाम सोड की जरा!" ती प्रश्न विचारत होती, कारण तिला उत्तर यायला हवं होतं.

"एकदा आपण रोपवाटिकेच्या कुंपणात घुसलो होतो, तेव्हा..." मी म्हणाले.

बाबा प्रत्येक पाहुण्याला ती गोष्ट सांगायचे. 'हिला काय दिसलं कोण जाणे, ब्रेकच ओढला! टाचणीएवढी भीती आणि डोंगराएवढा गोंधळ!' प्रत्येक वेळी मी नव्याने हसत आले होते.

"पुढे शाळेची मुलं रस्ता ओलांडत होती," आई म्हणाली.

मी तिच्याशेजारी फरशीवर बसले. हे बरोबर नव्हतं, असं मला म्हणायचं होतं. एखादा दिवस चुकला असता तर?

"परवा शोरूममध्ये मी त्या मुलाला नव्या गाडीचं बॉनेट उघडायला लावलं," ती म्हणाली. "सगळं प्लास्टिकखाली बंद. कुठली वायर कुठे जाते, काही कळेना. आणि हँडब्रेक नाहीच. बटण आहे म्हणे." तिने मुठीतल्या चकत्या फरशीवर ठेवल्या. "शनिवारपासून मी काय करू, सांग."

बाहेरून बाबांची हाक आली. "अगं, इकडे ये! हे बघितलंस का?"

मी गेले. माहितीपुस्तक मांडीवर उघडं होतं. कपाटातल्या चित्रातल्या गाडीची नात शोभेल अशी गडद निळी गाडी सगळ्या पानांवर पसरली होती. बाबांनी बोटाने दाखवलं. "यात मागच्या सीटला वेगळी हवा येते. म्हणजे तुझी आई कितीही बडबडली तरी मागचे लोक थंड... आणि लांबच्या प्रवासाला आपण पहिल्यांदा..."

ते थांबले.

बोट पानावर होतं. डोळे उघडे होते, माझ्या खांद्यामागे कुठेतरी. ओठ किंचित हलत होते. हे मी शेकडो वेळा पाहिलं होतं. आज पहिल्यांदा बघत होते. एक, दोन, तीन. मी मोजत होते. सहा, सात. दारात आई उभी होती. तिचेही ओठ हलत होते. तीही मोजत होती.

अकरा.

"...पहिल्यांदा समुद्राकडे जाऊ," बाबा म्हणाले. "काय झालं? तोंड का असं केलंस?"

आई पुढे आली. "अहो, आत्ता तुम्ही इथे नव्हतात."

"नव्हतो म्हणजे? फिरायला गेलो होतो का?" बाबा हसले आणि सवयीने माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. "ऐकलंस? झालं हिचं सुरू."

मी हसले नाही.

ते माझ्याकडे बघत राहिले. आधी थट्टेने, मग थट्टा ओसरत गेली. आईच्या सांगण्याला त्यांनी इतकी वर्षं दाद दिली नव्हती. माझा चेहरा बघून त्यांनी माहितीपुस्तक मिटलं.

"तू मोजलंस?"

"हो."

"किती?"

"अकरा सेकंद."

बाबा आकड्यांचे माणूस. त्यांनी नजर जमिनीकडे वळवली. मला माहीत होतं ते काय करताहेत, कारण मीही तेच केलं होतं. ताशी पन्नासने सेकंदाला चौदा मीटर.

"दीडशे मीटर," ते म्हणाले. मग त्यांनी आईकडे न बघता विचारलं, "मुलं मागे असताना?"

"दोनदा," आई म्हणाली.

ते उठले, आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. मी आणि आई बाहेर उभ्या राहिलो. आतून फोनवरचा आवाज येत होता. ऑफिसात बोलायचे तसा, सरळ. "नाही, नाही, रंगाची काही तक्रार नाही. रंग उत्तमच आहे. गाडी नको आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मेंदूच्या डॉक्टरांची वेळ मिळाली. महाराणीला मीच बाहेर काढलं. बाबा सवयीने चालकाच्या दाराशी आले, मला आत बसलेली पाहून थबकले, आणि गाडीला पुढून वळसा घालून दुसऱ्या बाजूने बसले. ती सीट आईच्या उंचीला पुढे ओढलेली होती. त्यांचे गुडघे समोर टेकले.

"बाबा, सीट मागे घ्या. खाली दांडी आहे."

"असू दे."

आई मागे बसली. शिंप्याने दुकानातून हात केला. कुणालाच ढकलावं लागलं नाही.

पहिल्या वळणापर्यंत मागून एखादा प्रश्न येईल म्हणून मी वाट बघत होते. दुसऱ्या वळणाआधी खड्डा दिसला आणि मी नेहमीच्या वेगाने पुढे गेले.

"हळू घे," बाबा खालच्या आवाजात म्हणाले. ते मान वळवून मागे बघत होते. "झोपलीय ती."