वाटेत न टेकवलेला गडू

मी धुरपदाबाईंच्या घरचा पितळी गडू. पोटात पाणी असलं की मी बोलत नाही, तसा नेमच आहे माझा. आत्ता मला चिंच लावून घासलंय आणि उन्हात पालथा घातलाय. रिकामा आहे, तेवढ्यात माझी हकीकत सांगून घेतो.

माझा जन्मच एका नवसातला. धुरपदाबाई मूळच्या शिंदखेड्याकडच्या. मुलगा भाईदास भुसावळला रेल्वेच्या वर्कशॉपात लागला आणि कुटुंब जळगावला पिंप्राळ्यात राहायला आलं. सून मंदा यावलची, मॅट्रिक झालेली, टायपिंगची परीक्षा पास. पण नोकरी काही लागेना. तेव्हा धुरपदाबाईंनी महादेवापुढे पदर पसरला, "मन्ही सूनले नोकरी लागू दे. नवा गडू आनीसन तुले पानी घालसू."

मंदाला जिल्हा परिषदेत नोकरी लागली आणि धुरपदाबाई त्याच आठवड्यात धुळ्याला तांबटाच्या दुकानी हजर झाल्या. मला घडवताना गळ्याशी एक ठोका जरा खोल बसला होता. तांबट दुसरा गडू दाखवायला लागला, तर म्हणाल्या, "हाऊच दे. अंगठा चांगला बसस." खोट म्हणून मागे पडलेला मी, त्याच खोटीवर निवडला गेलो. तेव्हापासून माणसं कशावरून काय ठरवतात, याचं मला कुतूहल आहे.

महादेवाला पाणी घालून झालं आणि माझी नेमणूक देवघराच्या फळीवर झाली. तिथून स्वयंपाकघर पुरतं दिसायचं. मंदाचा दिवस मी रोज पाहायचो. नळाला पाणी यायच्या आधी ती उठलेली असायची. मग पाणी भरणं, मुलींच्या वेण्या, भुसावळची पॅसेंजर गाठणाऱ्या भाईदासचा डबा, सासूबाईंची गरम भाकरी, स्वतःचा डबा. शेवटी केसात फणी फिरवत ती रिक्षाच्या मागे धावायची. संध्याकाळी भाजीची पिशवी घेऊन परतली की पुन्हा चूल. दिवसभर ऑफिसात बसून टाइप करते म्हणून घरात कोणी तिला बस म्हणत नसे. "बसूनच तर येस," धुरपदाबाई म्हणायच्या. त्यात टोमणा नव्हता हो. कापूस वेचून आयुष्य गेलेल्या बाईला बसणं म्हणजे विसावा, एवढंच ठाऊक.

मग सत्त्याऐंशी सालच्या दिवाळीनंतर मंदाला वारंवार तहान लागायला लागली. जिना चढली की भिंत धरायची. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि साखर निघाली. ते म्हणाले, "अजून हातात आहे. रोज भरभर पाऊण तास चाला. तीन महिन्यांनी बघू, नाहीतर गोळ्या कायमच्या."

त्या संध्याकाळी शेजारच्या पुष्पाबाई चौकशीला आल्या. मंदा कणीक मळत होती. म्हणाली, "गोळ्यांना मी भीत नाही, पुष्पाताई. माझ्या आईलाही साखरच. डोळे गेले तिचे. मी यावलला गेले की ती हात पुढे करते आणि माझ्या बांगड्या चाचपून म्हणते, मंदा का गं? माझं पोट डोळ्यांवर आहे. उद्या मला अक्षर दिसलं नाही तर?"

 त्या दिवसापासून मंदाचे डोळे हीच माझीही काळजी झाली.

व्यायाम हा शब्द मी पहिल्यांदा तेव्हा ऐकला. विहिरीचं पाणी शेंदणाऱ्या, जात्यावर दळणाऱ्या बायकांच्या घरात तो कोणी उच्चारलाच नव्हता. मला वाटलं, ही एखादी वस्तू असेल, बाजारातून आणायची. मंदाने ती घरातच शोधून पाहिली. एकदा भाजी फोडणीला टाकून जागच्या जागी उड्या मारायला लागली. धुरपदाबाई जपमाळ सोडून धावत आल्या, "माय वं, काय चावनं तुले?" एकदा हात वर-खाली करता करता दूध उतू गेलं. मग तिने बाहेर चालायला जायचं ठरवलं.

आमच्या पिंप्राळ्यात बाई कामाशिवाय चालत नाही. चालली, तर विचारावं लागतं. पहिल्याच सकाळी तीन बायकांनी थांबवून विचारलं, "कोणी आजारी आहे का?" दुसऱ्या दिवशी पलीकडच्या गल्लीतले अभिमनभाऊ स्कूटर हळू करून म्हणाले, "वहिनी, बसा मागे, स्टँडपर्यंत सोडतो." ती नको म्हणाली, तर बिचारे घरी येऊन भाईदासला विचारून गेले, वहिनींच्या मनात माझ्याबद्दल काही राग आहे का. आणि घरात धुरपदाबाई, "फिराले जास? आनी भाकरी कोन करी?"

आठवडा झाला नाही तोच मंदाने तो नाद सोडला. संध्याकाळी दिवा लावताना तिने सुईत दोरा ओवून पाहिला. ओवला गेला. तरी तिने तो पुन्हा काढला आणि पुन्हा ओवला.

ते धुरपदाबाईंनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच कुठेतरी गेल्या, आल्या त्या गूळ घेऊन. सुनेच्या हातावर खडा ठेवत म्हणाल्या, "महादेवले नवस बोली वनू मी. तुनी साखर उतरू दे, तू रोज सकाळे घरून पानी नेशी."

आमच्याकडे हे असं चालतं. नवस बोलते एक आणि फेडते दुसरी. मोठ्यांनी देवाला शब्द दिला की लहानांनी तो पाळायचा. मंदाच्या हातातला गूळ तसाच राहिला. "आई, मला श्वास घ्यायला वेळ नाही. त्यात हे एक काम वाढवलंत?"

"काम नही, देवनं शे," धुरपदाबाई म्हणाल्या आणि त्यांनी मला फळीवरून उतरवलं.

ते देऊळ रेल्वे फाटकाच्या पलीकडे, नाल्याच्या काठी, जाऊन येऊन पाऊण तासाचं. नवसाचे नेम तीन. वाटेत बोलायचं नाही, वाहनात बसायचं नाही, गडू खाली टेकवायचा नाही.

हातात मी असलो की मला वाटेत दोनच गोष्टी नीट दिसतात, वर आभाळ आणि मंदाची हनुवटी. पहिल्या दिवशी त्या हनुवटीखाली श्वास नुसता फुसफुसत होता. माझ्या काठावरून पाणी तिच्या मनगटावर सांडत होतं. देवळात पोचलो तेव्हा महादेवाच्या वाट्याला अर्धाच गडू आला. ती कळवळून म्हणाली, "देवा, एवढंच उरलं." मला वाटतं, त्यांनी चालवून घेतलं.

पण गंमत बघा. त्याच गल्ल्या, त्याच बायका, आणि आता कोणी काही विचारीना. हातात पाण्याचा गडू पाहिला की बाजूला होत, कोणी हात जोडत. अभिमनभाऊंनी एकदा सवयीने स्कूटर हळू केली, मी दिसलो, आणि वहिनी सोवळ्यात आहेत म्हणत घाईने पुढे गेले. फाटक बंद असलं की रिक्षावाले भोंगे वाजवत आणि मंदा एका जागी उभी राहून पाय हलवत राही. घरीही तसंच. भाईदास आपला चहा आपण करून घेऊ लागला. भाकऱ्या धुरपदाबाईंनी स्वतःकडे घेतल्या. नवस त्यांनीच बोलला होता ना.

मंदा दिवसाच्या धावपळीतून जो पाऊण तास शोधत होती, तो घरातच होता. फक्त तिच्या नावाने मागितला तर मिळत नव्हता आणि महादेवाच्या नावाने न मागता मिळाला. हे असं का, ते मला अजून उमगलेलं नाही.

हळूहळू तिच्या मनगटावर पाणी सांडेनासं झालं. अंगठा माझ्या गळ्याशी नेमका बसायचा. श्वास लांब आणि शांत. परतताना ती माझ्या रिकाम्या पोटावर बोटांनी ताल धरून काही गुणगुणायचीसुद्धा. तीन महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, साखर उतरली, असंच चालू ठेवा. धुरपदाबाईंनी मला कुंकू लावलं.

आणि मग घरातल्या प्रेमानेच घात केला.

मार्च महिना आला. ऑफिसात वर्षअखेर, मंदा रात्री घरी येऊन जेवता जेवता पेंगायला लागली. भाईदासला बघवेना. एका रविवारी तो यावलकडून एक छोटी पिंड घेऊन आला, अंगणात तुळशीजवळ सिमेंटचा ओटा केला, गुरुजींकडून पूजाही करून घेतली. बायकोला म्हणाला, "आता फाटकापर्यंत जायला नको. देव दारातच आणला. तेवढीच झोप होईल तुझी."

धुरपदाबाईंना लेकाचा केवढा अभिमान वाटला. "मन्हा भाईदासनी देव घरमा आना," गल्लीभर सांगून आल्या. मंदालाही ते पटलं. कोणाला पटणार नाही? देव तोच, पाणी तेच. मी दहा पावलं जायचो आणि पालथा पडायचो. मला चुकल्यासारखं वाटे, पण गडूला कोण विचारतं.

देव दारात आल्यावर भाकऱ्याही पुन्हा मंदाकडे आल्या. मग मेमधली लग्नं, मुलींच्या शाळा, पावसाळा. श्रावणात कानबाईच्या सणाचे रोट झाले आणि एके दिवशी मंदा टाइप केलेला कागद डोळ्यांपासून लांब धरून, मग जवळ आणून बघत होती. तपासलं तर साखर पहिल्याहून जास्त. डॉक्टरांनी विचारलं, "चालणं बंद केलंत का?" मंदा म्हणाली, "चालत नव्हतेच मी, नवस फेडत होते." आणि स्वतःच बोलता बोलता थांबली.

घरी येऊन तिने ते सांगितलं. धुरपदाबाईंचा चेहरा उतरला. आधी त्यांना वाटलं, देव कोपला. अंगणातल्या पिंडीसमोर त्या बराच वेळ बसून राहिल्या. मी त्यांच्या मांडीशी होतो. "पानी रोज चढस," त्या स्वतःशीच म्हणत होत्या, "मंग चुकनं काय?" नेम एकेक आठवून पाहिले. बोलायचं नाही, तो पाळला. वाहन नाही, तोही पाळला. टेकवायचा नाही, तोही.

मग त्यांनी मान वर केली. "मंदा, पानी तेच शे, देव बी तोच शे. वाट तेवढी कमी व्हयनी."

भाईदास खजील होऊन म्हणाला, "माय, पिंड उचलू का?"

"आरे, देव काय खाट शे उचलाले?" त्या म्हणाल्या. "घरना देवले मी पानी घालसू. तिले तिना देवकडे जाऊ दे."

मंदा उंबऱ्यात उभी होती. तिने विचारलं, "आई, खरं सांगा. मी नुसतं चालायला जाते म्हटलं असतं, तर?"

धुरपदाबाई खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हेत. "भाकरी कोन करी, असंच म्हनतू मी," त्या म्हणाल्या. मग उठल्या आणि दुसऱ्या दिवशीच्या पिठाचा डबा काढून स्वतःच्या जागेशी नेऊन ठेवला.

त्याला आता बरीच वर्षं झाली. गोळी एक लागली, पण एकच. माझं बूड झिजलं, दोनदा तांबटाकडून डाग देऊन घ्यावा लागला. फाटकाशी आता गर्दी फार वाढलीये. मंदाच्या मागून पुष्पाबाई आपला गडू घेऊन येऊ लागल्या, मग त्यांच्या शेजारची बेबाबाई. फाटक बंद असलं की तिघी एका जागी पाय हलवत उभ्या राहतात. बोलायचं नाही म्हणून नुसत्या हसतात. धुरपदाबाईंना आता सुईचं नाकं दिसत नाही. संध्याकाळी मंदा त्यांना दोरा ओवून देते, एका फटक्यात. त्या वेळी दोघींपैकी जास्त आनंद कोणाला होतो, ते मी फळीवरून बघत असतो आणि ठरवू शकत नाही.

ऊन कलतंय, मला आता उचलतील. जाता जाता हात जोडून एक मागतो. तुमच्याही घरात कोणी दिवसभर खुर्चीवर बसून येत असेल आणि घरी आल्यावर तिला बसायला मिळत नसेल. तिच्यासाठी एक नवस बोला. देव जरा लांबचा निवडा. सकाळी तिच्या हातात गडू द्या, आणि ती परतेपर्यंत तवा तुम्ही चुलीवर ठेवा.