अन्वरीचे अर्ज मी लिहिले

मित्रांनो, तुम्ही रोज शाळेतल्या माझ्या कपाटासमोरून जाता. काचेखालच्या चिठ्ठीवर 'जुना टाइपरायटर' एवढंच लिहिलं आहे. जुना मी आहेच. पण माझ्यावर कुणी, कशासाठी बोटं चालवली, ते त्या चिठ्ठीवर नाही. म्हणून आज मीच सांगतो.

माझा जन्म विलायतेतल्या एका कारखान्यात झाला. पेटीत बंद होऊन मी बोटीने मुंबईला आलो आणि तिथून सोलापूरच्या एका गिरणीत. तिथे अकरा वर्षं मी सुताच्या गाठींची पत्रं लिहिली. मग गिरणीत नवं यंत्र आलं, माझा लिलाव झाला आणि वीरभद्र अण्णांनी मला धाराशिवला आणलं. कागदोपत्री गावाचं नाव तेव्हा उस्मानाबाद होतं आणि राज्य निजामाचं होतं.

अण्णा कचेरीसमोरच्या खोलीत बसून लोकांचे अर्ज लिहून देत. पहिले काही दिवस माझं फार कौतुक झालं. बाजाराला आलेली माणसं दारात उभी राहून माझी घंटी ऐकत. पण कचेरीचा सगळा कारभार उर्दूत चाले आणि मला फक्त इंग्रजी येत होतं. महिना-महिना माझ्यात कागद जाईना. अण्णांच्या पत्नी चन्नम्मा यांनी माझ्यासाठी एक कापडी झाकण शिवलं आणि मी त्याखाली गप्प बसून राहिलो.

एकोणीसशे सेहेचाळीसच्या जुलैमध्ये जैनोद्दीनभाई आपल्या मुलीला घेऊन आले. ते गावातल्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते.

"अण्णा, ही माझी अन्वरी," ते म्हणाले. "हैदराबादला फुफीकडं, माझ्या बहिणीकडं राहून इंटर झाली. तिथल्या डाक्टरी कॉलेजात जागा न्हाय मिळाली. आता म्हणते, विलायतेला अर्ज करते."

"करू की. कोणत्या कॉलेजाला?" अण्णांनी विचारलं.

"बारा कॉलेजांना," अन्वरी म्हणाली. ती एकोणीस वर्षांची होती. खुर्ची दिली तरी ती बसली नाही.

हैदराबादचं सरकार हुशार मुलांना विलायतेत शिकायला वजिफा, म्हणजे शिष्यवृत्ती देई. मात्र आधी कॉलेजने प्रवेश दिल्याचं पत्र दाखवावं लागे. ते पत्र मिळवणं हेच आमचं काम होतं.

तिची गुणपत्रिका उर्दूत होती. अण्णांनी तिचं इंग्रजी केलं. मग त्यांनी आपल्या सवयीप्रमाणे 'आपल्या चरणी अत्यंत नम्र विनंती' अशी सुरुवात करून अर्ज सांगितला आणि मी तो बारा वेळा लिहिला. निजामाच्या टपालाची तिकिटं वेगळी होती. विलायतेची पत्रं अण्णा बार्शीहून टाकत, कारण बार्शी इंग्रजांच्या हद्दीत होती. तिथे चन्नम्मांचे भाऊ कल्याणप्पा यांचं दुकान होतं. उत्तरंही त्यांच्याच पत्त्यावर येणार होती.

दोन महिन्यांनी उत्तरं यायला लागली. एका कॉलेजने लिहिलं, लढाईवरून परतलेल्या शिपायांना आधी जागा द्यायच्या आहेत. दुसऱ्याने लिहिलं, आम्ही मुली घेत नाही. तिसऱ्याने विचारलं, लॅटिन येतं का? दिवाळीपर्यंत बारापैकी नऊ नकार आले. उरलेल्या तिघांनी काही कळवलंच नाही.

"पुन्हा लिहू," अन्वरी म्हणाली.

तिला घरी बसवत नसे. दुपारी दवाखान्यातून वडिलांचा डबा परत नेताना ती आमच्याकडे वळे. अण्णा दुसऱ्या कामात असले की ती खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत राही. शेवटी चन्नम्मा म्हणाल्या, "अगं, फरशी झिजंल. त्यापरीस तूच शीक की यंत्र चालवायला."

अशी ती माझ्यासमोर बसली. मित्रांनो, इतक्या घाईची बोटं मी कधी पाहिली नव्हती. घंटी वाजायच्या आत ती ओळ बदलायची. तिच्या टिंबांनी कागदाला भोकं पडायची. दोन कळा एकदम दाबून ती माझे दांडे एकमेकांत अडकवायची आणि ते सोडवताना बोटं काळी करून घ्यायची. दोन महिन्यांत ती अण्णांपेक्षा जलद लिहू लागली. मलाही त्या घाईची सवय झाली. एखाद्या दुपारी ती आली नाही, तर झाकणाखाली मला चैन पडेना.

सत्तेचाळीस सालच्या पावसाळ्यानंतर एका कॉलेजचा छापील फॉर्म आला. त्यात अर्ध्या पानाची मोकळी जागा होती आणि वर प्रश्न होता : तुम्हाला डॉक्टर का व्हायचं आहे?

अण्णांनी सांगायला सुरुवात केली, "मानवजातीच्या सेवेच्या उदात्त हेतूने..." अन्वरीने ते लिहिलं, वाचलं आणि कागद ओढून काढला. असे चार कागद गेले.

चन्नम्मा शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "ह्ये कागदावरचं ऱ्हाऊ दे. तुला का व्हायचंय, त्ये तरी सांग."

अन्वरीने चौथा कागद चुरगळला. मग म्हणाली, "अक्का, मी दहा वर्षांची असताना दवाखान्यात पडद्याजवळ उभी राहायची. पडद्याआड बायका बसायच्या. त्यांचं दुखणं मी ऐकायची आणि इकडं येऊन डाक्टरसाहेबांना सांगायची. एकदा तेर गावाहून बेगमबी म्हणून बाई आली. तिनं मला सगळं नीट सांगितलं. कुठं दुखतंय, अंगावरून काय जातंय. मला ते मोठ्यानं बोलायची शरम वाटली. मी साहेबांना म्हणाले, पोट दुखतंय. त्यांनी पोटाचं औषध दिलं. तिसऱ्या दिवशी ती गेली."

चन्नम्मांनी शेंगा बाजूला सारल्या.

"अब्बांनाही मी हे सांगितलेलं न्हाय," अन्वरी म्हणाली.

"मग हितं कागदावर सांग," चन्नम्मा म्हणाल्या. "जसं म्हनालीस तसंच."

त्या दिवशी पहिल्यांदाच तिने सावकाश लिहिलं. शेवटी लिहिलं की मला लॅटिन येत नाही, फारसी येतं. ते चालणार नसेल तर लॅटिन शिकेन. 'चरणी' आणि 'नम्र' हे शब्द त्या कागदावर नव्हते. अण्णांनी तो वाचला, चष्मा पुसला आणि एकही शब्द न बदलता पाकिटात घातला. त्याच मजकुराचे अर्ज आणखी तीन कॉलेजांना गेले.

मग वाट बघणं सुरू झालं, आणि नेमकी त्याच वेळी वाटच बंद झाली. देश स्वतंत्र झाला होता, पण निजामाचं राज्य वेगळंच राहिलं होतं. सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना नाके बसले. बार्शीला जाणं-येणं थांबलं. रझाकारांच्या भीतीने गावोगावची माणसं घरं सोडत होती. जैनोद्दीनभाई आणि अण्णा आमच्या खोलीत समोरासमोर बसत, पण दोघांचंही बोलणं कमी झालं होतं.

एप्रिलमध्ये सरहद्द ओलांडून आलेल्या बिराप्पा नावाच्या धनगराने निरोप दिला, की कल्याणप्पांच्या दुकानात विलायतेचं एक पाकीट आलं आहे. आत काय आहे ते त्याला ठाऊक नव्हतं. वजिफ्यासाठी पत्र दाखवायची मुदत जूनअखेर संपत होती.

"मी जाते," चन्नम्मा म्हणाल्या. "माहेरी निघालेल्या म्हातारीला कोन अडवतंय?"

"पण अक्का, पाकीट इकडं आणायचं, मग उत्तर परत तिकडं न्यायचं," अन्वरी म्हणाली. "दोनदा सरहद्द ओलांडायची म्हणजे लई धोका."

तिने खोलीतच दोन फेऱ्या मारल्या आणि माझ्यासमोर बसली. कोणत्या कॉलेजचं पत्र आहे हे माहीत नसताना तिने होकाराचं उत्तर लिहिलं : आपण दिलेली जागा मी स्वीकारते. कॉलेजच्या नावासाठी जागा कोरी ठेवली आणि खाली सही केली.

"कल्याणप्पामामांना म्हणावं, जागा दिली असेल तर नाव भरून टाका पेटीत. न्हाय म्हटलं असेल तर फाडून टाका."

चन्नम्मांनी तो कागद भाकरीच्या फडक्यात गुंडाळला आणि त्या बैलगाडीने निघाल्या. पुढे नाका चुकवून त्यांना शेतांतून पायी जायचं होतं.

ते नऊ दिवस मी विसरलो नाही. अन्वरी सकाळी येई, झाकण काढी, परत घाली. अण्णांनी एका अर्जावर तीनदा तारीख चुकवली. "मीच पाठवायला नको होतं अक्कांना," एवढंच ती म्हणे.

नवव्या दिवशी दुपारी चन्नम्मा दारात उभ्या राहिल्या. पायांना चिंध्या बांधलेल्या होत्या. त्यांनी पाकीट अन्वरीच्या हातात दिलं. "कल्याणप्पानं नाव भरलंय," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या.

अठ्ठेचाळीसच्या ऑक्टोबरपासूनची जागा मिळाली होती. लॅटिनऐवजी फारसी चालणार होतं. जैनोद्दीनभाईंनी ते पत्र हातात धरलं, उलटंसुलटं केलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, तरी ते शेवटच्या ओळीपर्यंत बघत राहिले.

जुलैमध्ये वजिफाही मंजूर झाला. सप्टेंबरअखेर बोट होती. पण सप्टेंबरच्या मध्यावर हिंदुस्थानची फौज आली आणि पाच दिवसांत निजामाचं राज्य संपलं. त्याबरोबर वजिफाही गेला. त्यानंतरचे दिवस मुसलमान घरांना फार वाईट गेले. अण्णांनी जैनोद्दीनभाईंचं कुटुंब आमच्या मागच्या खोलीत आणून ठेवलं. एका दुपारी काही माणसं काठ्या घेऊन आली. चन्नम्मा उंबऱ्यात बसल्या.

"आत कोन हाय?" त्या माणसांतल्या एकाने विचारलं.

"माझी माणसं हायत," चन्नम्मा म्हणाल्या आणि उठल्या नाहीत. माणसं थोडा वेळ उभी राहिली आणि निघून गेली.

पुढे दवाखान्यात डॉक्टर राहिला नाही. अन्वरी वडिलांबरोबर जखमा धुवायला, पट्ट्या बांधायला जाऊ लागली. सगळ्या जातीधर्मांच्या बायका येत. दोन महिने ती माझ्याकडे फिरकली नाही. एकदा मी तिला म्हणताना ऐकलं, "अब्बा, आता कशाला विलायत? मी इथंच राहते. इथं माझं काम पडतंय."

जैनोद्दीनभाई म्हणाले, "राहिलीस तर माझ्यासारखी कंपाउंडर होशील, बेटी. पट्टी बांधशील. पट्टीच्या आतलं तुला कळणार न्हाय."

ती रागावून निघून गेली. दुसऱ्या दिवशी आली आणि माझ्यात कागद घातला. तिने कॉलेजला झालेलं सगळं कळवलं आणि जागा एक वर्ष राखून ठेवा असं लिहिलं. दुसरा कागद घालून नव्या सरकारला वजिफ्याबद्दल लिहिलं. कॉलेजचा होकार दीड महिन्यात आला. सरकारला मात्र सात पत्रं लिहावी लागली. सातव्याला होकार आला तेव्हा एकोणपन्नासचा जून संपत होता.

ऑगस्टमध्ये ती येडशी स्टेशनावरून विलायतेला निघाली. निघताना चन्नम्मांच्या गळ्यात पडली, अण्णांच्या पाया पडली. माझ्याकडे बघायला तिला वेळ नव्हता. बैलगाडी दारात उभी होती आणि जैनोद्दीनभाई दर दोन मिनिटांनी आगगाडी चुकेल म्हणत होते.

नोव्हेंबरमध्ये तिचं पत्र आलं. अण्णांनी मोठ्याने वाचलं. थंडी फार आहे. वर्गात सहा मुली आहेत. पहिल्याच आठवड्यात दवाखान्यातल्या एका म्हाताऱ्या बाईने तिला विचारलं, "पोरी, तू कुठली?" आणि धाराशिव सांगून काही कळेना, तेव्हा अन्वरीने तिच्या पलंगावर बसून बोटाने चादरीवर नकाशा काढून दाखवला. पत्र टाइप केलेलं होतं. टिंबांच्या जागी भोकं पडली होती. दुसऱ्या कुठल्या तरी यंत्रावर आता ती बोटं चालत होती. मला थोडं वाईट वाटलं, हे कबूल करतो.

मित्रांनो, पुढे माझी रिबन वाळली, रुळाचं रबर कडक झालं आणि मी या कपाटात आलो. दसऱ्याला मला फुलं वाहतात, बाकी वर्षभर कुणी हात लावत नाही. मला फुलं नकोत. कुलूप काढा, तेलाचे दोन थेंब द्या, एक कोरा कागद घाला. आणि तुमच्यातल्या कुणाला फार लांबच्या ठिकाणी काही मागायचं असेल, तर माझ्यासमोर येऊन बसा. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालेल. चुकलात तर कागद काढा, दुसरा घाला. मी थकणार नाही.