न मांडलेली स्थिरचित्रे

मित्रांनो, आधी माझ्या अंगाकडे नीट बघा. कोपऱ्यांत टाचण्यांची भोके आहेत, मधोमध कटरचे वार आहेत. मी एक जुना ड्रॉइंग बोर्ड आहे. मार खायची मला सवय आहे. पण एकदा मी मारलेही आहे, आणि ते सांगायची मला लाज वाटते.

पडेगावच्या सरफराज मिस्त्रींनी मला पाईनच्या फळ्या जोडून बनवले. करवतीने कापले, रंध्याने सोलले, पाठीवर दोन पट्ट्या ठोकल्या. मी ओरडलो असेन, पण मशीनच्या आवाजात कोण ऐकतो? पॉलिश पेपर फिरवून झाल्यावर मात्र मिस्त्रींनी मला गालाला लावून पाहिले आणि खूश झाले. जन्मातले पहिले कौतुक ते.

पुढे शहरातल्या एका चित्रकला महाविद्यालयात मी चार विद्यार्थ्यांच्या हातचे हाल सोसले. एकाने तर माझी बॅट केली होती. शेवटी पासआउट होणाऱ्या एका मुलीने मला पहिल्या वर्षाच्या मोनिकाला देऊन टाकले.

मोनिका बजाजनगरला दोन खोल्यांत राहायची. आई द्वारकाबाई, वडील रामकिसन. मूळचे पिशोरचे. रामकिसन कंपनीत कामाला होता. पहिली पाळी संपवून तो दुपारी घरी यायचा, तेव्हा मोटारसायकलचे स्टँड किती जोरात आपटले यावरून द्वारकाबाई आजचा दिवस कसा जाणार ते ओळखायच्या. त्यांचा अंदाज सहसा चुकत नसे.

वर्गावर संघपाल सर होते. त्यांचे दोन नियम होते. स्थिरचित्रासाठी मांडलेल्या वस्तू चित्र पुरे होईपर्यंत कोणी हलवायच्या नाहीत. आणि प्रत्येक प्रकल्प झाला की कागदाच्या मागे मनोगत लिहायचे: काय पाहिले, काय जमले, काय चुकले. पहिलाच प्रकल्प होता घरातल्या वस्तूंचे स्थिरचित्र.

त्या दुपारी स्टँड जोरात आपटले. भाजीत मीठ जास्त झाले म्हणून रामकिसनने कढई लाथाडली, लोणच्याची बरणी द्वारकाबाईंच्या कपाळावर फेकली आणि तो निघून गेला. द्वारकाबाईंनी केरसुणी घेतली. दाराआडून मोनिका बाहेर आली आणि मला मांडीवर घेऊन खाली बसली.

"थांब आई. हलवू नको काही."

द्वारकाबाई कपाळाला पदर लावून भिंतीशी टेकल्या. "काढ मग लवकर. शेजारीण यायच्या आत मला झाडायचंय."

चित्र झाले. मोनिकाने कागद माझ्यावर पालथा घालून मागे लिहिले, म्हणून अक्षर न अक्षर माझ्या अंगात उतरले. 'वस्तू: आडवी कढई, फुटलेली बरणी, लोणचे, एक चप्पल. ही मांडणी मी केलेली नाही. काय जमले: काचेची चकाकी. काय चुकले: मी दाराआड उभी राहिले.'

सर चित्रावर खूश झाले. मांडणी धाडसी आहे, छायाप्रकाश सुरेख आहे, असे म्हणून त्यांनी तारीख घालून सही केली आणि चित्र भिंतीवर लावले. माणूस भला होता, पण त्याची नजर उजेड, सावली आणि प्रमाण यांच्यापुढे जात नसे. मनोगते तो वर्षाच्या शेवटी एकदम वाचणार होता. नंतरच्या प्रकल्पांतही मोनिकाने असेच विषय आणले. फुटका आरसा आणि उपटलेले केस. उलटा स्टो. अशी पाच चित्रे भिंतीवर गेली. शेजारी बसणारी आमरीन तिला चिडवायची, की तुझ्या घरात एक तरी भांडे सरळ असते का. मोनिका हसून वेळ मारून न्यायची. मी सगळे वाचले होते, आणि मला तोंड नव्हते.

सहाव्या चित्राच्या वेळी रामकिसन मोबाइल विसरला म्हणून अर्ध्या वाटेवरून परत आला. त्याने कागद पाहिला. इतक्या लोकांनी ती चित्रे पाहिली होती, पण ती बरोबर ओळखणारा तो पहिला.

"माझं घर चव्हाट्यावर मांडती का?"

त्याने मला हिसकावले आणि मोनिकावर उगारले. द्वारकाबाई मध्ये आल्या. पहिला घाव त्यांनी हातावर झेलला. मित्रांनो, हाड मोडले ते मी माझ्या अंगाने ऐकले. दुसरा घाव डोक्यात बसला. माझ्या कडेवरून रक्त ओघळले, माझी एक फळी तडकली, तरी तो मारतच होता. मी वळू शकलो नाही, हातातून निसटू शकलो नाही. तिसऱ्या घावाला शेजारी धावून आले, तेव्हा कुठे तो मला टाकून पळाला.

घाटी रुग्णालयात द्वारकाबाईंनी डॉक्टरला सांगितले, मोरीत पाय घसरला. जबाब घ्यायला आलेल्या हवालदारीणबाईंनी तसेच लिहून घेतले. मोनिका बोलणार होती, पण आईने चांगल्या हाताने तिचे मनगट दाबून धरले. परवा द्वारकाबाईंना घरी सोडणार होते, आणि रामकिसन घरी परतला होता. पुढच्या खेपेला त्या वाचल्या नसत्या, हे मला ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी मोनिका मला घेऊन वर्गात आली आणि नुसतीच बसून राहिली. आमरीनने माझी तडकलेली फळी आणि कडेवरचे रक्त पाहिले. तिने उठून भिंतीवरची पाचही चित्रे उतरवली, पालथी केली, वाचली आणि सरांसमोर ठेवली.

"सर, आपण पुढूनच बघत राहिलो. हे वाचा."

तिसरा कागद सरांनी उलटून पुढची आपली सही पाहिली. "पोरी, मी तुला मांडणीचे मार्क देत होतो," एवढेच ते म्हणाले.

तिघे मला आणि चित्रे घेऊन घाटीत गेले. चित्रे द्वारकाबाईंच्या पलंगावर तारखेप्रमाणे लावली. त्यांनी ती पुरी झालेली कधी पाहिलीच नव्हती. प्रत्येक चित्रात भिंतीशी त्यांचे काही ना काही होते, कुठे पदर, कुठे पाऊल.

"मला कशाला काढलंस गं?"

"तू तिथंच होतीस, आई."

द्वारकाबाईंनी एकेका चित्रातला आपला पदर, आपले पाऊल बोटाने शोधले. मग त्यांनी स्वतःच हवालदारीणबाईंना बोलावून घेतले. कोणी मारले, या प्रश्नाला त्या "मोनिकाच्या पप्पांनी" म्हणाल्या. बावीस वर्षांत उखाण्याखेरीज त्यांनी नवऱ्याचे नाव घेतले नव्हते.

"बाई, कागदावर नाव लागतं."

मोनिका सांगायला पुढे झाली. द्वारकाबाईंनी तिला थांबवले.

"मी सांगती. रामकिसन. रामकिसननं मारलं, ह्या फळीनं."

तेव्हापासून मी पोलीस ठाण्याच्या मुद्देमालाच्या खोलीत, कापडात बांधलेला, लाखेच्या सीलखाली आहे. मित्रांनो, तुमचे बोर्ड तुम्ही घासूनपुसून लख्ख ठेवा. मला मात्र कोर्टात नंबर लागेपर्यंत कोणी पुसू नका.