टॉवेलची दांडी

"टॉवेलनं निघाली म्हने! पावभराच्या टॉवेलनं माह्या हातची दांडी निघाली! तीस वर्सं झाले, कोनाच्या घरची खुंटी हालली नाई अजून..."

न्हाणीघराच्या दारात बादली धरून उभ्या असलेल्या रागिणीला देवीदास मिस्त्रीचं पुटपुटणं शब्द न् शब्द ऐकू येत होतं. ऐकूनही न ऐकल्यासारखं करायची कला सुनेला लग्नाच्या पहिल्या वर्षीच येते, ती आज कामी आली. कारण देवीदास खरं बोलत होता. टॉवेलनं नव्हतीच निघाली.

स्टीलची ती जाड दांडी तिनंच पसंत करून आणली होती, सासऱ्यांसाठी. खुशालरावांचा डावा पाय दिवाळीपासून दगा देत होता. पण घरात त्याचं नाव काढायची सोय नव्हती. मोर्णा नदीच्या काठी चाळीस वर्षं भाजी पिकवलेला, कोबीची पोती एका दमात टेम्पोत फेकणारा माणूस! त्याचा पाय फक्त 'घसरत' असे. कधी साबण सांडलेला असे, कधी फरशीच तशी असे. म्हणून मग सासूबाईंनी, गोदाबाईंनी, देवीदासला सांगितलं होतं, "टॉवेलची दांडी लावा भाऊ."

त्यानं ती टॉवेलसारखीच लावली. खांद्याच्या उंचीवर, बोटभर स्क्रू आणि ते धरायला भिंतीत ठोकलेल्या प्लास्टिकच्या गिट्ट्या. गेल्या सोमवारी स्टुलावरून उठताना खुशालरावांनी तिच्यावर भार टाकला, आणि दांडी दोन फरश्यांसकट हातात आली. कोपर खरचटलं, एवढ्यावर निभावलं. पण तेव्हापासून त्यांनी अंघोळ सोडली. "थंडी हाये," म्हणायचे. अकोल्यात, मार्च महिन्यात! अंघोळीशिवाय ज्यानं कधी तराजूला हात लावला नाही, तो माणूस आठ दिवस ओल्या फडक्यानं अंग पुसून आतल्या खोलीत बाजेवर बसून होता. चहालासुद्धा घरापुढच्या ओट्यावर येईना.

देवीदासनं बोटाच्या पेरानं भिंत वाजवून पाहिली. "इथं पोकळ. इथंई पोकळ. काळ्या मातीवरचं घर, भिंत भेगाळतेच. हां, इथं भरीव हाये." मग तो वळला. "सुनबाई, खरं सांगजा. काय टांगता याच्यावर?"

रागिणीनं तोंड उघडलं, तोवर मागून गोदाबाई आल्याच. "वाकळ. धुतलेली वाकळ टाकतो भाऊ आमी."

"न्हानीत वाकळ?"

"उन्हात रंग उडते तिचा."

रागिणीनं रिकाम्या बादलीत पाहिलं.

"मंग आधीच असं सांगा ना!" देवीदासचा चेहरा खुलला. त्याची अब्रू वाचली होती. "वाकळ भिजली का दहा किलोची होते. दांडी वर पायजे, छताजवळ. नाई तं फरशीले टेकन." बोलता बोलता त्यानं डोक्याच्या वर पेन्सिलीनं खूणही केली.

स्टुलावर बसलेल्या माणसाचा हात तिथं सात जन्मांत पोचला नसता.

"खाली लावा, काका," रागिणी घाईनं म्हणाली. "कमरेइतकी."

"कमरेइतकी? लोळन ना वाकळ खाली."

"लोळू द्या."

"काहून लोळू द्या?"

"घडी करून टाकू," गोदाबाईंनी ठिगळ लावलं.

"आणि आरपार बोल्ट टाका," रागिणीनं आठ दिवस मोबाईलवर पाहिलेलं सगळं एका दमात सांगितलं. "पलीकडून लोखंडी पट्टी लावून घट्ट आवळा."

"पलीकडं ओटा हाये तुमचा. समोरच दिसन पट्टी."

"नोको मा!" गोदाबाई दचकल्या. "ओट्यावर चार लोक बसते. इचारतीन."

देवीदासनं ड्रिल मशीन खाली ठेवलं. "वयनी, वाकळीले पट्टी लागतच नाई. पट्टी माणसाच्या वजनाले लागते."

खरं कारण रागिणीच्या जिभेवर आलं होतं. ते तिच्या तोंडून गेलं, तर सासरे आणखी महिनाभर बाजेवरून उठायचे नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आत बाज करकरली. एक हात भिंतीला टेकवत, डावा पाय ओढत खुशालराव दारात आले. एरवी माणसं असली की ते पाय लपवून चालायचे. आज नाही लपवला.

"खूण पूस ते, देवीदास. स्टूल आन वं रागिणी."

ते बसले. हात सहज पुढे केला आणि भिंतीवर तळवा टेकवला. "इथं लाव. पट्टी निघू दे ओट्यावर, ज्याले दिसन त्याले दिसन."

"पन खुशालभाऊ, वाकळ..."

"वाकळ नाई रे बापा. मी हाये. मले धरल्याशिवाय उठता येत नाई आता."